गल्ली नंबर चारचा पाणीचोर

देवरावच्या हातून चूक अशी कधी झालीच नाही. साठ वर्षांत एकदाही नाही. दहावीत गणित गेलं, ते मास्तरांचा चष्मा फुटला होता म्हणून. वरातीत घोडीवरून पडला, ते घोडी काटोलची होती म्हणून. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होता, तिथं मशीन बंद पडलं की दोष आधीच्या पाळीवाल्याचा. आणि आधीच्या पाळीतही हाच असला, तर त्याच्याही आधीच्याचा. स्वतः वरणात दोनदा मीठ टाकलं तरी जबाबदार मीठ विकणारा. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्याची बायको पुष्पलता भांडतच नसे. "हो, त्या मीठवाल्याचंच चुकलं," म्हणायची आणि वरणात गरम पाणी ओतायची.

तर असा हा देवराव, नागपुरात हुडकेश्वरच्या गल्ली नंबर चारमध्ये पहिल्याच घरात राहायचा. समोरच्या घरात रुपराव. रुपरावची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत. दिवसभर गादीवर बसून बसून त्याचं पोट त्याच्या आधी घरात शिरायचं. दोघांनी सव्वीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून घरं बांधून घेतली, आणि गवंडी चोर होता यावर दोघांचं एकमत होतं. दोस्ती म्हणजे अशी, की एकाला सर्दी झाली तर दुसरा शिंकायचा. त्यात यंदा सोन्याहून पिवळं झालं. देवरावची मुलगी उन्नती आणि रुपरावचा मुलगा जितेंद्र यांनी एका संध्याकाळी दोन्ही बापांना पानठेल्यावर गाठलं आणि लग्नाचं सांगून टाकलं. दोघं बाप तिथंच गळ्यात गळे घालून असे रडले की पानठेलेवाल्याला वाटलं कोणीतरी गेलं. साखरपुडा ठरला पोळ्यानंतरच्या रविवारी.

आणि नेमकं नागपंचमीपासून गल्लीचं पाणी गेलं.

म्हणजे अगदी गेलं नाही, पण करंगळीएवढी धार. नळ यायचे सकाळी सहा ते सात. आधी त्या तासाभरात अंगण धुऊन व्हायचं, आता बादली भरता भरत नाही. गल्लीतल्या बाया एकमेकींच्या नळाकडे पाण्यात पाहिल्यासारखं पाहू लागल्या. देवरावच्या घरीही तीच गत. सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज यायचा, पण नऊ वाजले की नळातून नुसता वारा.

"बाबा, एकदा आपली टाकी तरी बघा ना," उन्नती म्हणाली. ती बँकेत होती, हिशेब जुळला नाही की आधी स्वतःची नोंद तपासायची सवय.

"माह्या हातची फिटिंग हाये ते," देवराव म्हणाला. "अठ्ठावीस वर्सं मशिनी बांधल्या म्या. टाकीले काय होते? कोनीतरी लाइनवर टिल्लू पंप लावून पानी ओढून राहिला. टिल्लू. तुले कळत नाई त्यातलं."

आणि त्याला कळलं सुद्धा. म्हणजे त्याला वाटलं, कळलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला तो अंगणात कान टवकारून उभा राहिला, तर समोर रुपरावच्या माडीवरून आवाज. घर्रर्र. नळ यायच्या वेळी सुरू, सात वाजता बंद. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. देवराव तडक समोर गेला.

"रुप्या, वरत काय चालू हाये गा?"

रुपराव दारातच आडवा उभा राहिला. चेहरा घामाने डबडबलेला, बनियन ओलं. "काही नाई. कायचं काय?"

"मंग मले वरत येऊ दे."

"आज नको," रुपराव म्हणाला आणि, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, देवरावच्या तोंडावर दार लावलं.

झालं. याहून पुरावा तो कोणता? संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बावीस घरांना माहीत झालं, की रुपरावच्या माडीवर टिल्लू आहे आणि रुपराव आपल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवतो आहे. देवराव सांगायचाही असा रंगवून, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. पाणी विभागाचा माणूस एकदा येऊन गेला, त्याने रस्त्यावरची लाइन ठोकून पाहिली आणि लाइन ठीक असल्याचं सांगून गेला. देवराव म्हणाला, हा पण त्याला मिळालेला आहे.

आता नागपुरात ज्याच्यावर राग काढायचा त्याच्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवलेलाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, एका थोरल्या बाईचा पुतळा. रोगराई, इडापीडा, वर्षभराची सगळी घाण त्या मारबतीच्या माथी मारायची, आणि तिच्या जोडीला ज्याने ज्याने छळलं त्याचा बडग्या, म्हणजे बांबू आणि भाताच्या तणसाचा पुतळा, मिरवत न्यायचा आणि बाहेर नेऊन जाळायचा. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून एकदा घसा मोकळा केला की माणूस पुढच्या पोळ्यापर्यंत हलका. गल्ली नंबर चारचा बडग्या दरवर्षी देवरावच बनवायचा. एका वर्षी रस्त्यातल्या खड्ड्याचा बनवला होता, एका वर्षी डेंग्यूच्या डासाचा. त्याला यंदा विषय शोधावा लागला नाही.

आठ दिवस तो अंगणात खपला. बांबूचा सांगाडा, त्यावर जुना सफारी, तोंडाला खळ लावून कागद. पोट असं गरगरीत केलं की सफारीची बटणं तुटली. त्यात ओलं तणस ठासलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर चार विटा कोंबल्या. मिशा काळ्या, टोकाला जराशा वर वळलेल्या, अगदी रुपरावच्या. गळ्यात पाटी: पाणीचोर. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, येणारी-जाणारी पोरंसोरं बडग्याला 'रुपरावकाका' म्हणूनच हाक मारत होती.

पोळ्याच्या संध्याकाळी रुपरावची बायको रुखमाबाई आली. दरवर्षी या दिवशी ती करंज्यांचा डबा घेऊन यायची. यंदा रिकाम्या हाताने आली. ती आवाज चढवत नसे, म्हणूनच तिला सगळे भ्यायचे.

"देवरावभाऊ, बडगा हातात घ्या, ठोसे मारा, आमच्या दारात येऊन शिव्या द्या. पन उद्या हा बडग्या रस्त्यावर निघाला, त रविवारी आमी साखरपुड्याले येत नाई. ज्या घरानं माह्या नवऱ्याले जाळलं, त्या घरची सून मी कोन्या तोंडानं आनू?"

"तुमी त्याले एवढंच इचारा, माडीवर काय हाये," देवराव म्हणाला.

रुखमाबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग का कोण जाणे लाजल्यासारखी झाली आणि पदर सावरून निघून गेली. देवरावने पुष्पलताकडे विजयी नजरेने पाहिलं. पुष्पलता यावेळी 'हो' म्हणाली नाही. ती पुरणाचं पातेलं घासत राहिली, आणि ते आधीच घासलेलं होतं.

उन्नती मात्र समोर येऊन बसली. "बाबा, माझं लग्न मोडलं, तर त्याचा दोष कुणाला द्यायचा ते ठरवलंय का तुम्ही? म्हणजे मला कुणी विचारलं तर सांगायला बरं."

रडली असती तर देवरावने समजूत घातली असती. ती रडली नाही, खरंच विचारत होती. देवरावला रात्री जेवण गेलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याने पुरणपोळीत खोट काढली नाही.

सकाळी सहाला तो गच्चीवर चढला. चढला कशाला? पश्चात्तापाने? छे, त्याचं नावच नको. पुरावा गोळा करायला. एकदा का माडीवरचा टिल्लू डोळ्यांनी दिसला, मोबाइलवर फोटो काढला, की रुखमाबाई गप्प, उन्नती गप्प, पुष्पलता गप्प. आपल्या टाकीच्या ओट्यावर उभं राहिलं की समोरच्या माडीची खिडकी दिसते हे त्याला ठाऊक होतं. टाकीला कवटाळून तो चवड्यांवर उभा राहिला आणि त्याने मान लांब केली.

घर्रर्र सुरूच होतं. खिडकीचा पडदा जरासा सरकलेला होता. आत रुपराव उभा होता. त्याच्या कमरेला एक रुंद पट्टा, पट्टा एका मशीनला, आणि मशीन रुपरावचं पोट असं गदगदा हलवत होतं की भिंतीवरचं कॅलेंडर पण नाचत होतं. रुपरावचे गाल उडत होते, मिशा उडत होत्या. खुर्चीवर साखरपुड्याचा नवा कोट घडी करून ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी तो मशीन थांबवून कोट घालून बघे, बटण लागत नसे, की पुन्हा घर्रर्र.

देवरावला आधी हसू फुटलं. इतकं, की तो टाकीला धरून गदगदा हलू लागला आणि इकडे हा, तिकडे तो, दोघंही हलत होते. मग हसता हसता एकदम त्याच्या लक्षात आलं. टिल्लू नाही. रुपरावकडे टिल्लू नाहीच. बिचारा लाजेपोटी दार लावून बसला होता, लेकाच्या साखरपुड्यात कोट घालता यावा म्हणून. मग पाणी जातं कुठं?

हाताखाली काहीतरी थरथरत होतं. टाकीच्या बुडाशी, टाकी धुताना पाणी सोडायचा पाइप. थंडगार, आणि आतून सळसळत. देवरावने वाकून वॉल्व्ह पाहिला. अर्धा उघडा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः टाकी धुतली होती, स्वतःच्या हाताने वॉल्व्ह उघडला होता, आणि मग खाली चहाला गेला होता. पाइपही त्यानेच थेट गटारात सोडला होता, जमिनीखालून, कुणाला दिसू नये असा सुबक. त्याने टाकीचं झाकण उचललं आणि आत डोकं घातलं. तळाशी दीड वीत पाणी, त्यात एक भोवरा गरगर फिरतोय, आणि वरून गल्लीतल्या सगळ्यात जाड, एक इंची कनेक्शनमधून पाणी धो धो पडतंय. टाकी भरतच नव्हती म्हणून आतला बॉल वर येत नव्हता, म्हणून पाणी बंद होत नव्हतं. साडेतीन आठवडे बावीस घरांचं पाणी देवरावच्या टाकीतून गटारात जात होतं. पाणीचोर सापडला होता.

"कोनी..." त्याने टाकीत तोंड घालून म्हटलं, सवयीने. टाकीने तेच परत ऐकवलं.

त्याने वॉल्व्ह बंद केला आणि ओट्यावर बसून राहिला. टाकी भरत गेली. वीस मिनिटांत बॉल वर आला, धार थांबली. आणि मग गल्लीत एकच कल्लोळ उठला. एका नळाने भस्सकन पाणी ओकलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. बादल्या खणखणल्या. कोणाचं पातेलं धारेने उडालं, कोणाचा नवरा नळाखालीच बसला. "पानी आलं वं," "अवं, कसं पानी आलं," अशा हाका या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. देवरावने दोन्ही कानांवर हात ठेवले. आनंदाचा आवाज कधी इतका टोचू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो खाली उतरला तर गल्ली वाटच पाहत होती. ढोल सुरू झालेला. बडग्या हातगाडीवर चढवलेला. तिसऱ्या घरातल्या कामिनीबाईने देवरावच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"मानलं बाप्पा तुमाले," ती म्हणाली. "बडग्या पायला अन् चोरानं भिऊन टिल्लू काढून टाकला. आज पहा कशी धार हाये."

"देवरावभाऊ जिंदाबाद," कोणीतरी ओरडलं. हातात माइक दिला. गुलाल उडाला.

आता खोटं कशाला सांगू, एक क्षण देवराव मोहात पडला. गप्प राहायचं, बस. कोणाला काय कळणार होतं? पाणी आलं होतं, हार गळ्यात होता, आणि चोर भ्याला असं बावीस घरं म्हणत होती. वॉल्व्ह तर बंद झालाच होता, कायमचा. साखरपुड्याचंही नंतर बघता आलं असतं, लोक विसरतात. त्याने समोर पाहिलं. रुपराव आपल्या फाटकात उभा होता. त्याच्या पायाशी बादली भरून वाहत होती, पाणी त्याच्या चपलांवरून चाललं होतं, आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो आपल्यासारख्या मिशांच्या त्या पुतळ्याकडे बघत होता. मग तो हळूच वळला आणि घरात जायला निघाला, पोट आत ओढून.

"रुप्या, थांब," देवराव माइकमध्ये बोलला. "चोर तू नाई. चोर मी होय."

ढोल थांबला. मग गल्लीभर कौतुकाची कुजबुज पसरली.

"पाह्य, सोयरीक वाचवाले मानूस कसा आपल्यावर घेऊन राहिला," एक म्हातारा म्हणाला. "मोठं मन लागते त्याले."

"अरे, खरंच मी होय," देवराव म्हणाला. "माह्या टाकीचा वॉल्व्ह उघडा होता."

"असू द्या भाऊ, आमाले समजते," कामिनीबाई म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

आता आली का पंचाईत? जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या नसलेल्या चुका पटवल्या, त्याची स्वतःची असलेली चूक कोणाला पटेना. देवराव चिडला. असा चिडला की त्याने हार काढून फेकला आणि निम्म्या गल्लीला हाताला धरधरून गच्चीवर नेलं. "हा वॉल्व्ह. हा पाइप. हा गटारात जाते. आता पाहा." त्याने वॉल्व्ह उघडला. टाकीतलं पाणी उतरलं, बॉल खाली गेला, आणि खालून बाया ओरडल्या, धार गेली, धार गेली. त्याने बंद केला. थोड्या वेळाने खालून ओरडल्या, आली, आली. त्याने पुन्हा उघडला. चार वेळा त्याने गल्लीचं पाणी घालवलं आणि आणलं, घामाघूम होऊन, एखाद्या वकिलाने आरोपीला फासावर चढवावं अशा तडफेने, आणि आरोपी तोच. "झाली का खातरी? आहो का मी चोर? का अजून दाखवू?"

"आहात, आहात," खालून पुष्पलता ओरडली. "आता बंद करा, माही कनिक भिजवाची हाये."

मग मात्र जे हसू फुटलं, ते गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून गल्लीत सांडत गेलं. म्हातारा हसता हसता पायरीवरच बसला. त्या गदारोळात कामिनीबाई हळूच म्हणाली, "मंग मी बी सांगूनच टाकतो. माह्या घरी टिल्लू हाये. पन मी त फक्त रविवारीच लावतो." यावर कोणाला रागावायचं भान राहिलं नव्हतं.

खाली येऊन देवरावने कोळशाचा तुकडा घेतला. बडग्याच्या मिशा पुसल्या. पाटीवर 'पाणीचोर'च्या खाली ठळक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, कोणाची गफलत व्हायला नको. मग तो रुपरावसमोर जाऊन उभा राहिला. माइक आता हातात नव्हता.

"रुप्या, म्या तुह्यावर आळ घेतला. घरची टाकी पायली नाई अन् तुह्या खिडकीत डोकावलो. माह्यावर थुक पाह्यजे त, पन उन्नतीले याची शिक्षा नको देऊ."

रुपरावचा चेहरा ताठ होता. "खिडकीत डोकावला म्हन्जे? काय पायलं?"

"कोट."

रुपराव कानापर्यंत लाल झाला. उन्नती आणि जितेंद्र दोन घरांच्या मधोमध रस्त्यात उभे होते. शेवटी रुखमाबाईच पुढे आली आणि तिने पाटी वाचली, एकेक अक्षर.

"म्या म्हनलं होतं, बडग्या निघाला त येनार नाई," ती म्हणाली. "पन या नावाचा निघत असन, त आमी रविवारी बी येऊ अन् आता याच्यासंगं बी येतो. चला, उशीर होऊन राहिला."

ढोल पुन्हा सुरू झाला, दुप्पट जोराने. देवराव हातगाडीवर चढून बडग्याच्या शेजारी बसला, कोणी सांगितलं नसताना. गल्लीने घसा मोकळा केला: "खोकला, ताप घेऊन जा गे मारबत. देवराव फिटरले घेऊन जा गे मारबत." आणि त्या सगळ्या आवाजांवर एक आवाज चढला, तीस वर्षांत कधी न चढलेला, पुष्पलताचा. "खोटा आळ घेऊन जा गे मारबत, मानूस तेवढा राहू दे." देवरावच्या डोळ्यांत गुलाल गेला असं त्याने कोणालाही सांगितलं नाही. तो सरळ रडला आणि हसलाही.

हातगाडी ढकलायला रुपराव स्वतः मागे लागला होता. कोपऱ्यावरच्या चढात चाक अडकलं. त्याने रेटलं, पुन्हा रेटलं, पोटावरचा सदरा घामाने चिकटला. गाडी हलेना.

"कोनं बनवला गा हा एवढा जड बडग्या?" तो धापा टाकत ओरडला.

"म्या," देवराव म्हणाला, आणि खाली उतरून त्याच्या बाजूला खांदा लावून उभा राहिला.